गॅलरी पाहिजे

अनंत चतुर्दशीला पुण्यात स्थानिक सुट्टी असते. सुट्टी दिली की माणसं विश्रांती घेतात, असा सरकारचा भाबडा समज असावा. आमच्या घरी त्या दिवशी जेवढे श्रम होतात तेवढे दिवाळीच्या साफसफाईतही होत नाहीत, कारण त्या दिवशी आम्ही सहकुटुंब, सहपरिवार लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणूक बघायला जातो. बघायला जातो एवढं खरं. बघतो, असं मी कुठेही म्हटलेलं नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

गौरींबरोबर आमच्या घरचे गणपती गेले की त्याच रात्री नाना, म्हणजे माझे सासरे, जेवणाच्या टेबलाच्या टोकाला बसतात, चष्मा पुसतात आणि विचारतात, "मग? किती वाजता निघायचं?"

"नऊला निघू," माझा नवरा म्हणतो. "मंडईतून निघणार साडेनऊ-दहाला. आत्याच्या घराखाली यायला बारा वाजतात."

"नऊला?" चष्मा पुन्हा निघतो. "नऊला गेलास तर जिन्यात जागा मिळेल. जिन्यातून गणपती दिसतो का?"

"मग आठला."

"आठला पूल बंद असतो."

"पायी जाणाऱ्याला पूल कधीच बंद नसतो, नाना."

"म्हणजे तू मला पायी नेणार?"

ही चर्चा चतुर्दशीपर्यंत रोज रात्री होते. शेवटी सातला निघायचं ठरतं आणि साडेनऊला आम्ही निघतो. नानांना उशीर खपत नाही; पण घराबाहेर पडताना गॅस, गीझर, निरांजन आणि मागच्या दाराची कडी या गोष्टी त्यांना जातीने बघाव्या लागतात, आणि आम्ही लिफ्टपाशी पोचलो की त्या बघितल्या होत्या की नाही हे बघायला ते परत जातात.

पुण्यात श्रीमंती मोजायची एक जुनी रीत आहे. बंगला, गाडी, सोनं या गोष्टी कोणीही मिळवतो. खरा श्रीमंत तो, ज्याचा एक तरी नातेवाईक लक्ष्मी रस्त्यावर रस्त्याकडे तोंड असलेल्या गॅलरीत राहतो. आमच्याकडे आत्या आहे. नानांची धाकटी बहीण. कुंटे चौकाच्या अलीकडे, जुन्या वाड्याचा पहिला मजला, लाकडी कठड्याची लांब गॅलरी. पहिलाच मजला हवा, हे माझ्या नवऱ्याने मला लग्न ठरल्यावर समजावून सांगितलं होतं. तळमजल्यावरून पुढच्याची पाठ दिसते, दुसऱ्या मजल्यावरून रथाचं छप्पर दिसतं, आणि पहिल्या मजल्यावर बाप्पा आणि आपण समोरासमोर येतो. मी नागपूरची. मला वाटलं, हा मुलगा फार भाविक दिसतो. तो गॅलरीबद्दल बोलत होता.

या आत्याकडे वर्षभर कोणी फिरकत नाही. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डबा पोचवायला माणूस मिळत नव्हता, कारण 'लक्ष्मी रोडला पार्किंगचा फार त्रास.' भाद्रपद उजाडला की मात्र तिच्या तब्येतीची काळजी साऱ्या कुळाला एकदम वाटू लागते. फोन सुरू होतात. "आत्या, गुडघे कसे आहेत? जिना चढता-उतरता येतो ना? आणि हो, चतुर्दशीला आम्ही सहा जण आहोत." आत्या कोणालाच नाही म्हणत नाही. ती फक्त पोह्यांचा अंदाज वाढवत नेते.

आता तिथे पोचायचं कसं, हा प्रश्न. गाडी नदीच्या अलीकडेच कुठेतरी लावायची आणि लकडी पुलावरून चालत जायचं, हा साधा मार्ग. पण माझ्या नवऱ्याला एक बोळ माहीत आहे. पुण्यातल्या प्रत्येक पुरुषाला पेठेतला असा एक बोळ माहीत असतो, जो फक्त त्यालाच माहीत असतो. चतुर्दशीच्या सकाळी हे सगळे पुरुष आपापली बायकामुलं, आईवडील आणि डबे घेऊन त्या एकाच बोळात येतात. पुढे सरकता येत नाही, मागे फिरता येत नाही. मध्येच एखादी स्कूटर आडवी उभी असते आणि तिच्यावर बसून एक आजोबा शांतपणे पेपर वाचत असतात. बोळाच्या तोंडाशी बांबूचं बॅरिकेड आणि त्यापलीकडे पोलीस.

"मागे फिरा."

"अहो साहेब, समोरच माझी आत्या राहते. ती बघा, गॅलरीत उभी आहे. आत्याऽऽ!"

आत्या हात हलवते. ती सगळ्यांनाच हात हलवते.

"सकाळपासून त्या बाईंचे पन्नास भाचे सोडलेत मी," पोलीस म्हणतो.

मंडईचं भुयारी स्टेशन सुरू झाल्यावर नवरा म्हणाला, यंदा बोळ नको, मेट्रो. वनाझला बसायचं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची की थेट मंडई. हा विचार सगळ्या कोथरूडला एकाच सकाळी सुचला होता. तरीही मेट्रोने आम्हाला बघता बघता मंडईत आणून सोडलं. तिथून आत्याचं घर एरवी दहा-बारा मिनिटांवर. ती दहा-बारा मिनिटं आम्ही दीड तास चाललो, आणि नाना वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "कोथरूडहून काही वेळच लागला नाही बघा!"

वाड्याचा जिना चढून वर गेलं की पहिला कार्यक्रम गॅलरीच्या तपासणीचा. नणंदेचे यजमान सिव्हिल इंजिनीयर आहेत. दर पावसाळ्यात महापालिका पेठांतल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, तशी या वाड्यालाही येते. ती आत्याने देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलेली असते. भावजी ती काढून वाचतात, खांबावर बोटाने टकटक करतात, कठडा हलवून बघतात आणि जाहीर करतात, "जाईल अजून एक वर्ष." मग सगळे जण गॅलरीत शिरतात आणि भावजी स्वतः पूर्ण वेळ उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभे राहतात.

गॅलरीत कोणी कुठे बसायचं हे लिहून ठेवलेलं नाही, पण ते बदलायला घटनादुरुस्ती लागेल. पुढच्या रांगेत वडीलधारे आणि लहान मुलं. त्यामागे घरच्या लेकी, कारण त्या माहेरी आलेल्या असतात. खुर्च्यांवर जावई. सगळ्यात मागे सुना, कारण तिथून स्वयंपाकघर जवळ पडतं. इतकी वर्षं मी या जागेवरून मिरवणूक बघत आले आहे. नानांच्या टोपीची मागची शिवण, नणंदेचा अंबाडा आणि भाच्याचा वर केलेला मोबाईल या तीन गोष्टींमधल्या फटीतून मला कधी फेट्याचा तुरा दिसलाय, कधी अब्दागिरी, एकदा तर सोंडेचं टोक. कसब्याची पालखी मी दर वर्षी भाच्याच्या मोबाईलच्या पडद्यावर बघते, तेही त्याने मध्येच सेल्फीचं बटण दाबलं नाही तर.

पहिला मान कसब्याचा, हे पुण्यात सांगावं लागत नाही. मग तांबडी जोगेश्वरी, मग गुरुजी तालीम, मग तुळशीबाग, मग केसरीवाडा. हा क्रम नानांनी आमच्या लेकीला बाराखडीच्या आधी शिकवला. बेलबाग चौकापासून अलका टॉकीजपर्यंत रमतगमत चाललं तरी वीस मिनिटं. कसब्याला तेवढ्या अंतरासाठी चार-पाच तास लागतात, आणि तो तर सगळ्यात वक्तशीर गणपती समजला जातो.

बारा वाजायच्या सुमाराला लांबून ढोल ऐकू येतात. "आला! आला!" गॅलरी पुढे झुकते. भावजी उंबऱ्याआड एक पाऊल मागे जातात. खाली रस्ताभर काढलेल्या सुरेख रांगोळ्या असतात, त्यांच्या कडेने लोक जपून चालत असतात. नगारा येतो, सनई येते, पथक येतं, ध्वज नाचतात आणि मग, मग आत्याच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी होते. "अगं, तिसरी झाली का बघ जरा," सासूबाई मान न वळवता म्हणतात. मी गॅस बंद करून येईपर्यंत पालखी पुढच्या घरासमोर गेलेली असते आणि गॅलरीतले सगळे जण हात जोडून, तृप्त चेहऱ्याने मागे वळत असतात.

"झालं दर्शन?" सासूबाई प्रेमाने विचारतात.

"झालं."

यानंतर मिरवणूक थांबते. मागच्या गणपतीसमोरचं पथक रंगात आलेलं असतं, पोलीस 'पुढे चला, पुढे चला' म्हणत असतात, आणि पुढे कोणीच चालत नाही. अशा वेळी गॅलरीत उन्हात बसून काय करणार? एकेक जण उठून आत येतो. आतल्या खोलीत टीव्ही आहे. टीव्हीवर तीच मिरवणूक चाललेली असते, शिवाय पंखा असतो. थोड्या वेळात आमचं सगळं गणगोत, जे बोळातून घुसमटत, बॅरिकेड ओलांडत, पोलिसाची बोलणी खात इथवर आलेलं असतं, ते जमिनीवर मांडी घालून टीव्हीवर लक्ष्मी रस्ता बघू लागतं. टीव्ही थोडा मागे असतो. त्यामुळे ढोलाचा ठोका आधी खिडकीतून ऐकू येतो आणि मग टीव्हीतून. घरच्या घरी जुगलबंदी.

तेवढ्यात न्यू जर्सीहून धाकट्या दिरांचा व्हिडिओ कॉल. त्यांच्याकडे पहाट.

"दादा, तुळशीबाग कुंटे चौकात आलाय! बघताय ना?"

"कुठे?" नवरा गॅलरीकडे धावतो. खरंच खाली तुळशीबागचा रथ. पुण्यात, लक्ष्मी रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर बसलेल्या आम्हाला आमच्या दारात कोण आलं ते अमेरिकेतून कळतं.

या मधल्या वेळेत नाना आणि आत्याचे दीर यांच्यात वाद होतो. विषय दर वर्षी तोच. सार्वजनिक गणेशोत्सव 1893 ला सुरू झाला हे नानांचं म्हणणं. 1892, आणि भाऊसाहेब रंगारी, हे काकांचं. दोघंही सत्तरी ओलांडलेले. दोघांचाही त्या घटनेशी संबंध नाही. पण हे एक वर्ष काही केल्या कोणी सोडायला तयार नाही. एकदा हा वाद असा पेटला की गुरुजी तालमीचा रथ खालून निघून गेला तरी दोघांना पत्ता नव्हता. म्हणजे जे मंडळ आपला गणपती 1887 पासून बसतो असं सांगतं, ते दारावरून गेलं आणि हे दोघे आत 92 की 93 यावर पोहे थंड करत होते.

मी तेव्हा नवी होते. नव्या सुनेने बोलू नये तिथे बोलले. म्हटलं, "आमच्या नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते ना, तिच्यातली काळी मारबत 1881 पासून निघते. पिवळी 1885."

खोलीत शांतता पसरली. टीव्हीवरचा ढोलसुद्धा हळू झाल्यासारखा वाटला.

"मारबत म्हणजे?" काकांनी विचारलं.

"मोठा पुतळा असतो. बांबूचा, कागदाचा. रोगराई घेऊन जा म्हणत वाजतगाजत गावाबाहेर नेतात. बरोबर बडगे असतात. महागाई, भ्रष्टाचार, ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा करायचा आणि शेवटी जाळून टाकायचा."

"त्यात गणपती आहे का?" नानांनी विचारलं.

"नाही."

"मग!" नाना म्हणाले, आणि काकांनी मान डोलावली. त्यांचं एकमत झालेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं. पुढे बराच वेळ दोघं एका बशीतून चकली खात होते.

मी संध्याकाळी माहेरी फोन करून रडगाणं गायले तर बाबा म्हणाले, "काहून जातेस बापा तिथं एवढ्या गर्दीत? इकडं ये. नेहरू पुतळ्यापाशी उभं राहिलं की काळी-पिवळी दोन्ही दिसते, अन् जेवायला घरी." त्यांना सांगितलं नाही की इथे तुमची लेक दिवसभर घरातच असते आणि तरी तिला काही दिसत नाही.

आत्याकडच्या गर्दीत कोण कोणाचा कोण हे विचारायची पद्धत नाही. त्यामुळे चौकटीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ काही वर्षं तिथे नियमाने येत होते. साठीचे, हसतमुख. पोहे खायचे, ताटल्या उचलू लागायचे, लहान मुलांना खांद्यावर घेऊन गणपती दाखवायचे, नानांना पाणी आणून द्यायचे. सासूबाईंना वाटायचं, आत्याच्या सासरकडचे. आत्याला वाटायचं, कोथरूडचे. भावजींनी तर त्यांच्या मुलासाठी एक स्थळही सुचवलं होतं. एकदा पंगतीत आत्याने सहज विचारलं, "तुम्ही नानांच्या मावसबहिणीचे ना?"

"नाही नाही," ते संकोचून म्हणाले. "एका वर्षी गर्दीत श्वास कोंडला म्हणून मी जिन्यात उभा राहिलो होतो. तुमच्या सुनेने वरून हाक मारली, 'या, चहा घ्या.' तेव्हापासून येतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तरी काय करणार? मी नवऱ्याच्या माणसांना हाका मारायला शिकत होते, आणि ती माणसं मोजून दाखवायला कोणालाच वेळ नव्हता. आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने त्यांच्या पानात आणखी एक पुरी वाढली. "आता नवीन माणूस कुठे शोधायचा," ती म्हणाली. आमच्या घरातल्या प्रत्येकाची कसली ना कसली तक्रार आहे. चौकटीच्या शर्टवाल्यांबद्दल आजवर कोणी अवाक्षर काढलेलं नाही.

मध्यंतरी लेकीने ढोल-ताशा पथकात नाव घातलं. पुण्यात मूल बारावीला असलं की घर जसं जपून चालतं, तसं ते पथकात असलं की चालायला लागतं. रोज संध्याकाळी नदीपात्रात सराव. घरी आली की हाताला चिकटपट्ट्या. पहिला हात, दुसरा हात असं काहीतरी पुटपुटत ती ताटावर, टेबलावर, फ्रिजवर आणि सासूबाईंच्या पाटावर वाजवत असायची. खालच्या मजल्यावरच्या जोश्यांनी सोसायटीकडे तक्रार केली. नानांनी त्यांना ऐकवलं, "संस्कृती आहे ही!" आणि आत येऊन कानात कापूस घातला.

चतुर्दशीला सगळं कुळ नातीचं वादन बघायला गॅलरीत हजर. पथक आलं. पांढरे कुडते, भगवे फेटे, नाकात नथी, डोळ्यांवर काळे गॉगल, आणि सगळ्या पोरी एकाच साच्यातल्या. "ती बघा! डावीकडून तिसरी!" नणंद ओरडली. आम्ही सगळ्यांनी त्या मुलीच्या नावाने, म्हणजे आमच्या मुलीच्या नावाने, घसा फोडला. तिने वर पाहिलं, गॉगल सावरला आणि हात केला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. नणंदेने पूर्ण वेळ व्हिडिओ काढला, न्यू जर्सीला पाठवला, तिकडून बदाम आले.

रात्री लेक पाय ओढत आली. "बघितलंत ना?"

"अगं, काय सुंदर!" नणंद म्हणाली.

"ठेका पक्का होता," नाना म्हणाले. "फक्त उजवा हात थोडा वर जात होता. सराव वाढव."

"आजोबा, माझा खांदा दुखत होता म्हणून मला आज ढोल दिलाच नाही. मी पुढे ध्वज धरला होता."

तो व्हिडिओ अजून आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आहे. ती मुलगी खरोखर चांगली वाजवते.

नानांचा दुसरा नेम दगडूशेठचा. दुपारी जेवून सगळ्यांनी आत्याकडेच चटया टाकून झोपायचं, संध्याकाळी रोषणाईचे गणपती येईपर्यंत गप्पा, रात्री डुलक्या आणि पहाटे उठून दगडूशेठचा झगमगता रथ बघायचा. पहाटे चार वाजता नाना सतरंजीवरून फिरत एकेकाला उठवायचे. थंडगार पाण्याने तोंड धुऊन, अर्धवट झोपेत, केस विस्कटलेले, असे आम्ही गॅलरीत उभे राहायचो आणि रथ अजून बेलबागला अडकलाय असं कळायचं. या तपश्चर्येचा नानांना मोठा अभिमान.

2023 साली दगडूशेठने वेळ बदलली. दुपारी चारलाच मिरवणुकीत सामील झाला आणि रात्री नऊच्या आत विसर्जनसुद्धा उरकलं. पेपरात आधी छापून आलं होतं. नानांनी वाचून 'शक्यच नाही' म्हणून घडी घालून ठेवलं. त्या दुपारी आम्ही ठरल्याप्रमाणे पहाटेसाठी झोप साठवत पडलो होतो. चौकटीच्या शर्टवाल्यांनी नानांना हलवलं. "नाना, उठा! दगडूशेठ!"

"चार वाजले?" नाना डोळे न उघडता म्हणाले.

"वाजून गेले की!"

"दूध आलं का?"

गॅलरीत जाईपर्यंत रथाची पाठ दिसली. नाना कठडा धरून बराच वेळ उभे होते. "इतकी वर्षं पहाटे उठलो, त्याचं काय?" त्यांनी विचारलं. उत्तर कोणाकडेच नव्हतं. आजही घरात कोणी लवकर काम उरकलं की ते म्हणतात, "दगडूशेठ झालाय नुसता."

खरं तर मिरवणूक लवकर संपावी अशी नानांचीच मागणी. लांबलेल्या मिरवणुकीबद्दल आणि डीजेच्या भिंतींबद्दल ते दर वर्षी वर्तमानपत्राला पत्र लिहितात. 'रुग्ण, वृद्ध व विद्यार्थी यांचा विचार व्हावा' या वाक्याने ते संपतं. 2022 साली, दोन वर्षांच्या खंडानंतर, मिरवणूक 31 तास चालली. नानांनी सकाळी खरमरीत पत्र लिहिलं आणि त्याच संध्याकाळी न्यू जर्सीला फोन केला. "एकतीस! तुमच्याकडे कुठली परेड चालते रे एकतीस तास?" पुढच्या वर्षी ती दोनेक तास लवकर आटपली तेव्हा ते जरा उतरलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "पूर्वीचा उत्साह नाही राहिला."

खंड पडला तो 2020 आणि 2021 ला. करोनामुळे मिरवणूकच नव्हती; मानाच्या गणपतींचंसुद्धा विसर्जन मंडपापाशीच हौदात झालं. आम्हाला वाटलं, चला, निदान एक वर्ष झोप मिळेल. सकाळी नाना धुतलेला सदरा आणि टोपी घालून कोथरूडच्या आमच्या वीतभर बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. "नेम मोडायचा नाही," ते म्हणाले. मग आम्हीही बसलो. ठरलेल्या क्रमाने, मी मागे, स्वयंपाकघराजवळ. सँडविचेस केली, चिवडा काढला. आमच्यासमोर सोसायटीचं बंद फाटक, एक रिकामा रस्ता आणि एक कुत्रं. तासाभराने गाणं वाजवत कचऱ्याची घंटागाडी आली आणि गेली. भाच्याने सवयीने मोबाईल वर केला.

"चला," नाना म्हणाले, "एक तरी गेलं."

एवढं सगळं होऊनही चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणी विचारलं की मी तोंड वर करून सांगते, "हो, आम्ही दर वर्षी जातो. घरचीच गॅलरी आहे ना!" समोरच्याच्या चेहऱ्यावर जे भाव येतात, त्यासाठी कितीही कुकर बंद करायची माझी तयारी आहे. परवा माझ्या नागपूरच्या मैत्रिणीला मी मानाचे पाच गणपती क्रमाने, एका दमात म्हणून दाखवले आणि वर 'पहिला मजलाच हवा हं' असंही सांगितलं. ती म्हणाली, "तू बिघडलीस."

पण आता प्रश्न गंभीर आहे. आत्याचा वाडा पुनर्विकासाला गेला. यंदाची नोटीस देवाच्या फोटोमागे राहिली नाही. आत्याने शहराबाहेर नवव्या मजल्यावर लिफ्टचा फ्लॅट घेतलाय. आम्ही सगळे मिळून तिचं सांत्वन करायला गेलो तर ती पंख्याखाली पाय पसरून बसली होती. "अगं, पन्नास वर्षं लक्ष्मी रोडला राहिले," ती म्हणाली, "पण एकदाही मिरवणूक बघितली नाही. गॅलरीत मला जागा कुठे असायची? यंदा टीव्हीवर सलग बघणार आहे. आणि त्या दिवशी कोणी येऊ नका."

बिल्डरच्या नकाशात रस्त्याच्या बाजूला गॅलरी नाही, काचा आहेत. नानांनी तो नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि तेव्हापासून ते फार बोलत नाहीत.

तरी लक्ष्मी रस्त्यावर, शक्यतो बेलबाग चौक ते कुंटे चौक या टप्प्यात, पहिल्या मजल्यावर ज्यांची रस्त्याकडे गॅलरी असेल, त्यांनी कृपया कळवावं. माणसं घरंदाज आहेत. डबे आमचे आम्ही आणू, ताटल्या आम्ही विसळू, वर्षभर तुमच्या तब्येतीची चौकशी करू. खांबाची तपासणी आमचे इंजिनीयर मोफत करून देतील. बसायला पुढची जागा मिळालीच पाहिजे असा आग्रह नाही. निदान माझा नाही. आम्ही एकूण सोळा जण आहोत. चौकटीचे शर्टवाले धरून सतरा.